दिल्लीतलं एक वाक्य
नव्या धानाचा वास आला की मला ब्रह्मपुरीच्या बाजारातली एक दुपार आठवते. मला नागपूरला पुढे शिकायला पाठवायचं म्हणून आई त्या दिवशी घरातला सगळा धान विकायला आली होती. पोती उतरली होती, व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर चोळून भाव सांगितला होता आणि आईने मान डोलावली होती. तेवढ्यात त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर एक मोठे नेते दिल्लीतून बोलू लागले. परदेशात तांदूळ पाठवण्यावरची बंदी उठवतो आहोत, असं ते म्हणाले आणि दुकानातली माणसं टीव्हीभोवती जमली. मग सगळ्यांचे फोन वाजू लागले. आमचा व्यापारी वजनकाट्यापासून बाजूला झाला. "बाई, आज देऊ नोका," तो आईला म्हणाला, "चार दिवसांत भाव चढंल." तो बोलला नसता तर फायदा त्याचाच होता. आई टीव्हीकडे बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "त्यायनं आपला धान पाह्यला का वं?" मी म्हटलं, "नाई." "मंग नुसत्या बोलण्यानं भाव कसा वाढते?" आम्ही पोती परत घरी नेली. चार दिवसांनी भाव खरंच चढला आणि मी नागपूरला गेले. आता मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, निर्यात आणि भावाचं नातं फळ्यावर मांडून दाखवते. तरी कुणी नेता बोलायला उभा राहिला की हातातलं काम ठेवून ऐकत बसते, कारण त्याच्या एका वाक्यावर कुणाकुणाच्या घरचं काय टांगलेलं आहे, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं.