मी बी उतरतो

खापरखेड्याहून मी सदरला कामाला जाते, त्या बसमध्ये ती असायची. आफ्रिकेतून शिकायला आलेली, उंच, काळी मुलगी. करोनाची भीती होती, त्यात ती परदेशी, म्हणून तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. गुडघे दुखत होते म्हणून एकदा मी तिथे बसले, पदर आवरून. तिने आपली पिशवी मांडीवर घेतली. "आरामात बस," म्हणाली.

मराठी ती वसतिगृहातल्या स्वयंपाक्याकडून शिकली होती. त्यामुळे त्याच्यासारखीच बोलायची, "मी जेवलो, मी येऊन राहिलो." तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचायची आणि माझ्या पोरांची चौकशी करायची. मी नुसती मान हलवायचे. मला बोलायची लाज वाटते.

एकदा मला ठसका लागला, थांबेना. मागून एक माणूस ओरडला, "त्या बाईले उतरवा. साऱ्यायले बिमार करन."

कंडक्टरने बस थांबवली. "उतरा, मावशी."

पुढची बस दोन तासांनी होती, आणि आता उशीर झाला तर मालकीण कामावरून काढणार होती. तरी मी उठले.

तीही उठली. "काहून गा? तिले ठसका लागला फक्त. ती उतरत असन, तर मी बी उतरतो."

"उतरतो" ऐकून बायका हसल्या. मग तो माणूसही हसला. कंडक्टर म्हणाला, "बसा दोघी, बसा," आणि बस निघाली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आपणहून बोलले. "बाईनं 'उतरते' म्हणावं वं."

"काहून?" ती म्हणाली. "उतरलो कुठं आपण?"