हळदीच्या हातांनी ऐकलेला रिपोर्ट

हळद शिजवण्याचा ओला, उग्र वास आला की मला कढईजवळची ती सकाळ आठवते. सहा वर्षांच्या लेकीची एक किडनी गाठीसकट काढली होती, आणि त्या गाठीच्या जनुकांचा रिपोर्ट यायचा होता. त्यात वाईट खूण निघाली, तर आजार उलटायची भीती जास्त अन् औषधंही कडक. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी तुटकच बोलायच्या. फोन वाजला, पण माझ्या माखलेल्या बोटांनी स्क्रीन सरकेच ना. औषधांनी केस गेल्यामुळे टोपी घातलेल्या लेकीनेच तो उचलून स्पीकरवर टाकला. "ती खूण नाही. आहेत तीच औषधं पुरतील," डॉक्टर म्हणाले. सासूबाई पुढे झाल्या, "मंग हे आलं कुणाकडून? सुनंच्या माहेराकडून का?" "कुणाकडूनच नाही, आजी. रक्तही तपासलं. ज्या बिघाडाने गाठ झाली, तो फक्त गाठीतच होता, रक्तात नाही." मग सासूबाई तांब्या आणून माझ्या हातांवर पाणी ओतत म्हणाल्या, "धू लवकर. लेकराला जवळ घे." मी कुठली थांबते! लेक आता नववीत आहे, हळद शिजू लागली की नाक दाबून पळते. तिच्या त्या टोपीवर माझी पिवळी बोटं अजून तशीच आहेत.