पुस्तकातले पाच जिल्हे

भूगोलाच्या सरांचा मला आजही राग आहे. ते हयात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. मी कधी कुणाला विचारलंही नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानदारांनी पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून ‘जि. लातूर’ रंगवून घेतलं होतं. काहींनी जुन्या नावावर नुसता पांढरा पट्टा ओढून ठेवला होता. त्यातच लागोपाठ पावसानं दगा दिला. वसतिगृहात टँकर दिवसाआड यायचा आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक बादली. त्या बादलीपायी मुली एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. मी रेणापूरजवळच्या खेड्यातून बी.ए.ला आले होते. आमचं घर बौद्ध. बाप लवकर गेला, आईनं मजुरी करून शिकवलं, आणि घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच.

सर पुण्याकडून नोकरीला आलेले. ‘तुमच्या मराठवाड्यात’ असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. तुमच्या मराठवाड्यात पाणी नाही, तुमच्या मराठवाड्यात शिस्त नाही, तुमच्या मराठवाड्यात ‘ण’ नाही.

चाचणीत प्रश्न आला, मराठवाड्यातील जिल्हे लिहा. मी सात लिहिले. पेपर हातात आला तेव्हा जालना आणि लातूर ही दोन नावं लाल शाईनं खोडलेली होती. मी पेपर घेऊन टेबलाशी गेले.

“पुस्तक उघड,” सर म्हणाले. “किती दिलेत?”

“पाच. पण पुस्तक जुनं हाय, सर.”

“‘आहे’ म्हण. परीक्षा पुस्तकावर होते. बस जागेवर.”

मी बसले. पण त्या दिवसापासून मी त्यांची एकेक ओळ तपासू लागले. ग्रंथालयात एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. एक परत करून दुसरं, दुसरं देऊन तिसरं, असं करत मी अवर्षणाचा एकच धडा तीन पुस्तकांतून वाचला. तिन्ही लेखकांनी एकमेकांचं उतरवलं होतं. मांजरा नदीचं नाव तिन्हीकडं एकाच तऱ्हेनं चुकलेलं. आणि कोरडवाहू भागातली माणसं नशिबावर हवाला ठेवून बसून राहतात, हेही तिन्हीकडं होतं.

वर्ष संपताना विद्यापीठाची समिती येणार अशी हूल उठली. सरांनी सगळ्यांना दोन-दोन पानं लिहायला सांगितलं: या वर्षी अभ्यासातून आणि वाचनातून मी काय शिकलो. फाईल करून समितीपुढं ठेवायची होती. सुरुवात कशी करायची तेही त्यांनी फळ्यावर लिहून दिलं. भूगोलाच्या अभ्यासामुळे माझी दृष्टी व्यापक झाली. त्या तासाला साऱ्या वर्गाची दृष्टी एकदम व्यापक झाली. माझ्या खोलीतली जोडीदारीण निलंग्याकडची, तिनं तर ते वाक्य खाली रेघ मारून लिहिलं.

मी लिहिलं ते असं. मोठ्या दुष्काळात मी लहान होते. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मला सोबत न्यायची. मुकादमाची शिट्टी झाली की बायकांच्या रांगेतले हातोडे एकदम उचलले जायचे. दुपारी सुकडी मिळायची, ती मी खाल्ली आहे. नशिबावर हवाला ठेवून बसलेलं तिथं मला कुणी दिसलं नाही, बसायला सावलीच नव्हती. ज्यांनी हे धडे लिहिले ते इकडं आलेले नाहीत, त्यांनी फक्त एकमेकांना वाचलं आहे. यंदा मी हे शिकले, की पुस्तक आणि डोळा यांचं भांडण झालं तर मार्क पुस्तकाला मिळतात.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते माझे कागद हातात घेऊन. नाव न घेता त्यांनी सगळं मोठ्यानं वाचलं, माझ्या बोलीची नक्कल करत. पोरं खो-खो हसली.

“कुणाचं आहे हे?”

“माझं, सर.”

“उभी राहा. फी माफ, राहणं माफ, खाणं माफ. सरकारचं फुकट खायचं आणि वर लेखकांना अक्कल शिकवायची?”

“माझ्या फीचा भूगोलाशी काय संबंध, सर? आन् पाचच जिल्हे असतील, तर आत्ता आपण बसलोय ते कुठल्या जिल्ह्यात?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी कागद चुरगाळून खिशात कोंबले आणि म्हणाले, “ही माफी मागेपर्यंत मी या वर्गावर तास घेणार नाही.”

आणि खरंच घेतले नाहीत. परीक्षा तोंडावर होती. दोन दिवस वर्ग गप्प होता, तिसऱ्या दिवशी सगळे माझ्यावर उलटले. माझ्या बाकावर कुणी बसेना. टँकरच्या दिवशी मी टॉवेल आणायला वर गेले, खाली येऊन बघते तर माझी बादली आडवी, पाणी मातीत. जोडीदारीण भिंतीला टेकून उभी होती.

“तुला कुणी सांगितलं होतं खरं लिहायला?” ती म्हणाली.

मी तिच्या थोबाडीत मारली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

प्राचार्यांनी पालकांना बोलावलं. आई एस.टी.नं आली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. प्राचार्यांनी तिला बस म्हटलं नाही. ती दाराशी उभ्यानं सगळं ऐकत राहिली आणि मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

“काय लिवलं व्हतंस?”

मी सांगितलं. खडीचं, शिट्टीचं, सुकडीचं. ती ऐकताना माझ्याकडं बघत नव्हती.

“मग माग माफी.”

“माझं काय चुकलं?”

“चुकलं असं कुटं म्हनले मी? तो मुकादम रोज आयमायवरून शिव्या घालायचा. म्या एक दिस तरी काम सोडलं का? सोडलं असतं तर तू काय खाल्लं असतंस?”

“मी मागनार न्हाई.”

“मंग चल गावाकडं. उचल पेटी.”

तिनं खरंच माझा दंड धरला. मला त्या क्षणी सरांपेक्षा तिचा संताप आला. वाटलं, ही माझ्या बाजूनं एक शब्द तरी बोलेल, आणि ही तर त्यांचंच काम करतेय. मी हात हिसडून घेतला, आत गेले, आणि प्राचार्यांनी सांगितलेला माफीनामा शब्दाशब्दानं लिहून दिला. बाहेर आले तेव्हा आई निघून गेली होती. बस चुकू नये म्हणून, असं शिपायानं सांगितलं.

सरांनी माफीनामा मला वर्गापुढं वाचायला लावला. मी वाचला. समिती आली, तिनं फाईल चाळली, चहा घेतला आणि गेली. माझी पानं अर्थातच त्यात नव्हती. मी पास झाले.

पुढच्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती आली. सरांनी काही घडलंच नसल्यासारखे सात जिल्हे शिकवले. मी हात वर केला.

“सर, मागच्या साली पाच होते.”

“खाली बस,” ते म्हणाले, आणि फळ्याकडं वळले. या वेळी कुणी हसलं नाही.

त्याच साली त्यांना पुण्याकडं नोकरी मिळाली. निरोपसमारंभ ठरला. माझा आवाज खणखणीत म्हणून आभाराचं भाषण माझ्यावर आलं. सांगायला आली ती जोडीदारीणच.

“झालं गेलं सोड ना आता,” ती म्हणाली. “जाणाऱ्या माणसावर कशाला डूख धरतेस?”

“तू कर भाषण. तुझी दृष्टी व्यापक आहे.”

समारंभाच्या दुपारी मी पिशवी भरली आणि स्टँडवर जाऊन रेणापूरची गाडी धरली. घरी पोचले तेव्हा आई अंगणात ज्वारी निवडत होती.

“आज मधीच कशी?”

“ते सर नोकरी सोडून पुण्याला चालले. त्यांच्या निरोपाचं भाषण मला करायचं नव्हतं.”

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता पुन्हा मुकादमाची गोष्ट निघणार.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “म्याबी न्हाई केलं असतं.”