डाव्या हाताची कुऱ्हाड

निवृत्तीनंतर सहा वर्षं मला कुऱ्हाड विकत घ्यायची गरज पडली नाही, कारण ती मित्राकडे होती. आम्ही एकाच कारखान्यात होतो. तो लाकडाचे साचे करायचा, मी स्टोअरमध्ये रजिस्टरं भरायचो. नोकरी संपल्यावर दर रविवारी त्याच्या स्कूटरवरून आम्ही कर्वेनगरहून शहराबाहेर मांजरी गावाला जायचो आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या उसाच्या बांधावर बसून तोडलेल्या फांद्यांच्या पळ्या आणि उलथणी करायचो. तो कुऱ्हाडीने लाकडाला आकार द्यायचा, पुढचं चाकूचं आणि पॉलिश पेपरचं काम माझं. कुऱ्हाड त्याने मला कधी हातात घेऊ दिली नाही. बोटं मोजून घरी ने, म्हणायचा. त्यामुळे सहा वर्षांत मी एकही पळी पहिल्यापासून केलेली नव्हती.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा त्याला बंगळुरूला घेऊन गेला. दोन महिन्यांसाठी. पण सामान ट्रकने गेलं आणि त्यात कुऱ्हाडही गेली. फ्लॅट भाड्याने दिला. विकला तर नाही ना, असं मी स्वतःला समजावत राहिलो. कधी येतोस विचारलं की तो दिवाळीनंतर बघू म्हणायचा. दिवाळी गेली, संक्रांतही गेली. बायको गेल्यापासून माझ्या आठवड्यात रविवार हा एकच वार उरला होता, आता तोही नव्हता. मला पळ्यांचं फारसं पडलेलं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलणं होत नव्हतं, ते खात होतं.

शेवटी ठरवलं, आपली कुऱ्हाड घ्यायची. तो येईपर्यंत बांधावरची जागा तरी धरून ठेवू.

आधी फोनवर व्हिडिओ पाहिले. दाढीवाले गोरे लोक बर्फात उभे राहून कुऱ्हाडीबद्दल एवढं बोलतात, की तेवढ्या वेळात अख्खं झाड तोडून व्हावं. त्यांच्या कुऱ्हाडीची किंमत बघून मी फोन उलटा ठेवला. मग हार्डवेअरच्या एका दुकानात गेलो. तिथली स्वस्त होती, लाल रंग दिलेली, पण दांड्याला धरून हलवली तर पातं डुगडुगत होतं. मी ते दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, मग नका हलवू. मी त्याला नमस्कार करून बाहेर पडलो.

मंडईच्या मागच्या एका गल्लीत लोहार सापडला, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याच्याकडे नुसती पाती होती, दांडा गिऱ्हाईक बघून बसवायचा. मला मधल्या मापाची हवी होती, एका हाताने पेलणारी, पण मनगटाएवढी फांदी दोन घावांत तोडणारी. त्याने चार पाती पुढे टाकली. मित्र जसं करायचा तसं मी एकेक पातं दोरीला टांगून ठोकून पाहिलं आणि ज्याचा आवाज लांबला, म्हणजे लोखंडात चीर नव्हती, ते घेतलं. दांडा बाभळीचा, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत. त्याने लाकडाच्या रेषा सरळ आहेत ना, गाठ नाही ना, हे मला दाखवून मग पात्याच्या भोकात, नेढ्यात बसवला आणि वरून पाचर मारली. रंग नाही, चकाकी नाही, आणि दुकानातल्या लाल कुऱ्हाडीपेक्षा थोडीच महाग. मला फार दिवसांनी एखादी गोष्ट मनासारखी झाल्यासारखं वाटलं.

धार कशी लावू, त्याने विचारलं. पळ्यांच्या कामाला सुताराच्या पटाशीसारखी एकाच अंगाने धार लागते, दुसरं अंग सपाट. मी रुबाबात कागद मागितला आणि सहा वर्षं समोर बसून पाहिलेल्या कुऱ्हाडीच्या धारेचं चित्र काढून दिलं. त्याने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमच्यासाठीच हाय ना?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?" मी म्हणालो.

पुढच्या रविवारी दोन बस बदलून मांजरीला गेलो. बांधावर बसलो आणि पहिला घाव घातला. कुऱ्हाड लाकडात शिरायची सोडून बाहेर निसटली. दुसराही तसाच. तासभर लोहाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग घाम पुसायला कुऱ्हाड डाव्या हातात घेतली आणि सहज एक घाव घातला, तर साल कशी अलगद निघाली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मित्र डावरा आहे. मी त्याची कुऱ्हाड करून आणली होती.

मला हसू आलं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हे त्याला सांगायला हवं. तिथूनच फोन लावला. सगळं रंगवून सांगितलं. तो मला गाढव म्हणेल, मग मी म्हणेन की तयारच आहे तुझी, ये, असं मी मनाशी ठरवलंही होतं. तो हसला नाही.

"उजवी करून घे," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, राहू दे की, तू आल्यावर होईल.

"नाही रे. उजवी करून घे."

मग त्याने माझ्या रक्तदाबाची चौकशी केली, मी त्याच्या गुडघ्याची केली. फोन ठेवला. रडू आलं, बांधावर कुणी नव्हतं, म्हणून आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडे गेलो. तो म्हणाला, मला वाटलंच होतं. मग त्याने पातं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, दोन्ही अंगांनी धार लावून देतो, मग डावरा असो की उजवा, कुणाच्याही हाताला चालंल. तुमचं काम तेवढं साफ नाही होणार, पण चालंल.

हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"नको," मी म्हणालो. "उजवीच करा. मी एकटाच आहे."