वर न जाणारा हात

नोकरीत अनेक गुन्हे हाताळले, पण ही एक घटना अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कडेगावच्या बाजूला फौजदार होतो. एका सकाळी जवळच्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. एका बागायतदाराच्या डोक्यात काठी बसून तो बेशुद्ध पडला होता, आणि मारणारा त्याचा सासरा स्वतःहून पाटलांच्या दारात येऊन बसला होता.

जखमीला सांगलीच्या रुग्णालयात पाठवून मी सासऱ्याला ठाण्यात आणलं. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातला, जन्मभर मेंढरांमागे फिरलेला म्हातारा. गावात त्याला आबा म्हणत. खाली बसायच्या आधीच तो बोलू लागला.

"साहेब, जावयाला म्याच हाणलं. पोरीचा काय बी संबंध न्हाई."

गुन्हेगार कबुली देतो तेव्हा आधी आपली बाजू सांगतो, राग का आला ते सांगतो. आबांनी आधी मुलीचं नाव काढलं. ते माझ्या मनात राहिलं.

घटनास्थळाचा पंचनामा चालू असताना आमच्या हवालदाराला शेजारच्या बाईनं गोठ्याआड गाठलं. "आबा आलं तवा जावई पडल्यालाच व्हता," ती म्हणाली. "पर माझं नाव कुठं घिऊ नका."

ठाण्यात परतल्यावर मी आबांना सगळं पुन्हा विचारलं.

"त्यो दारात हुबा व्हता. दोन्ही हातांनी काठी उचलली आन् घातली टाळक्यात."

मी कोपऱ्यातली लाठी त्यांच्या हाती दिली. "कशी घातली, दाखवा बरं."

डावा हात वर गेला. उजवा छातीपाशी येऊन थांबला. आबांनी कंबर डावीकडं झुकवली, टाचा उचलल्या, दात आवळले. उजवा हात जिथल्या तिथं राहिला.

"आज जरा आखडलाय," ते म्हणाले.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण नुसत्या माझ्या संशयालाही नसते. आरोपीची वैद्यकीय तपासणी करायचीच होती, म्हणून मी त्यांना घेऊन सांगलीला गेलो. जखमी तिथंच होता, त्यामुळे त्याची बायको, म्हणजे आबांची मुलगी, आपल्या लहान पोरीला घेऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती.

डॉक्टरांनी आबांना फिजिओथेरपीच्या बाईंकडं पाठवलं. बाईंची तपासायची रीत मी कधी विसरलो नाही. त्यांनी आधी आबांना नुसता सदरा काढायला सांगितला आणि आपण दुसरंच काही करत असल्यासारखं दाखवत तिरक्या नजरेनं पाहत राहिल्या. आबांनी आधी डावी बाही सोडवली आणि मग उजव्या हातावरून सदरा हळूच ओढून घेतला. नंतर बाईंनी त्यांच्या पाठीवरचं खांद्याचं हाड एका तळव्यानं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांचा उजवा हात स्वतः वर न्यायचा प्रयत्न केला. हात तिथंच अडला. मानेमागं न्यायला सांगितला, तिथंही जाईना.

"हा खांदा फार दिवसांपासून जाम आहे," बाई म्हणाल्या. "हात वर जात नाही असं सोंग करणारे माझ्याकडं नेहमी येतात. हात वर जातो असं सोंग करणारे हे पहिलेच."

आबा चटकन म्हणाले, "बाई, लिवा की, जातो म्हणून."

बाईंना हसू आलं, पण ते लगेच विरलं. त्या उघड्या दारातून बाहेर बघत होत्या. "ती कोण?"

बाकावर बसलेल्या आबांच्या मुलीला तिच्या पोरीनं हाक मारली होती. तिनं नुसती मान वळवली नाही, सगळं अंग वळवलं. पोरीला जवळ घ्यायला ती वाकली नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसली. उठताना एक कोपर कुशीला घट्ट चिकटलेलं होतं. श्वास आखूड, वरच्यावर.

बाईंनी तिला आत घेतलं आणि डॉक्टरांकडून लगेच छातीचा एक्स-रे काढून घेतला. बरगड्या मोडल्या होत्या. शेजारी पूर्वी मोडून जुळलेल्या हाडांच्या खुणाही होत्या.

मी महिला शिपायाला बोलावलं आणि तिच्यासमोर आबांच्या मुलीला विचारलं, "ताई, एवढं दुखत असताना सांगितलं का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई, साहेब."

मग ती हळूहळू बोलली. नवऱ्यानं लाथा घातल्या, ती पडली. पोर रडायला लागली तसा तो पोरीकडं वळला आणि तिला मारायला खाली वाकला. "माझं मला काय बी वाटलं नसतं. पर ती लय बारकी हाय. काठी कवा उचलली, मला ठावं न्हाई. आबा मागनं आलं. म्हणालं, तू गप ऱ्हा, पोरीला आई पायजे."

मी तपासात जे आढळलं ते सगळं कागदावर घेतलं, त्यामुळे आबा सुटले आणि गुन्हा त्यांच्या मुलीवर आला. नवरा शुद्धीवर आला, वाचला. त्याच्यावर छळाचा वेगळा गुन्हा नोंदवला. तिच्यावरचा खटला पुढं चालला तेव्हा कोर्टानं पोरीच्या आणि स्वतःच्या बचावाचा हक्क मान्य करून तिला निर्दोष सोडलं.

या प्रकरणानं मला पाहायला शिकवलं. माणूस कसा बसतो, कुठल्या हातावर भार देऊन उठतो, कुठं अंग चोरतो, हे मी बोलणं सुरू होण्याआधी पाहू लागलो. पण त्याहून मोठी शिकवण म्हणजे नुसतं पाहून निकाल द्यायचा नसतो. निरपराध माणूससुद्धा पोलिसांसमोर अंग चोरतो. दिसलं की विचारायचं, आणि ऐकायला वेळ द्यायचा.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात आबा भेटले. लेक आणि नात चहाच्या गाडीपाशी उभ्या होत्या. मी शक्य तितक्या कडक आवाजात म्हणालो, "आबा, पुन्हा पोलिसांशी खोटं बोलायचं नाही."

त्यांनी त्या दोघींकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आवं, ह्यांच्यासाठी? परत बोलीन की."

मी त्यांना सलाम केला आणि गाडीकडं वळलो.