कल्याणच्या बायोडाट्यातली आई

पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला निघाली की नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. त्यातला अर्धा कोयता बाईचा, पण मुकादमाकडे नाव लागतं ते नवऱ्याचं. रंगुबाईने उभी हयात असा बिननावाचा कोयता चालवला. पाचटाच्या कोपीत संसार मांडला, उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवल्या आणि थोरल्या मुलाला, कल्याणला, गावाकडे सासूजवळ ठेवून शिकवलं. तो नगरला एका पतसंस्थेत क्लार्क झाला.

आता त्याच्या लग्नाचं निघालं. डीटीपीच्या दुकानातून तो इंग्रजीत बायोडाटा करून घेऊन आला. धाकट्या बहिणीने, ज्योतीने, तो वाचून अर्थ सांगितला. वडील गोरक्षनाथ, 'हार्डवर्किंग फार्मर', म्हणजे कष्टाळू शेतकरी. गोरक्षनाथ मिशीत हसले. आई रंगुबाई, 'सिंपल हाऊसवाईफ', म्हणजे साधी, घर सांभाळणारी.

रंगुबाईचं डोकंच फिरलं. निम्मं वर्ष जिला घरच नव्हतं, तिने कुठलं घर सांभाळलं, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "त्यो कष्टाळूचा शब्द हाय न्हवं, त्यो माझ्याम्होरं बी लाव. आन् लिही, ऊस तोडती."

कल्याणने समजावून पाहिलं. सगळ्यांच्या आयांपुढे हेच लिहितात. मिरजगावचं स्थळ शिकलेलं, ऊसतोड वाचून मागे सरतील. खरं तर त्याला लाज वाटत होती, आणि त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून ते तिला कळलं. तरी ती हटली नाही. एका शब्दाने काय बिघडतंय, असं गोरक्षनाथ म्हणाले, तशी ती त्यांच्याकडे वळली.

"मंग तुमीच व्हा की हाऊसवाईफ."

कल्याण चिडला. ह्यापायी सोयरीक मोडली तर काय, असं त्याने विचारलं.

"मंग आईम्होरं 'न्हाई' असं लिही," रंगुबाई म्हणाली. "खोटंच लिव्हायचं तर नीट लिही. पर मी जित्ती हाय तवर म्या केलंय त्येच लागंल."

कल्याण त्या रात्री जेवला नाही. सकाळी मात्र पाथर्डीला जाऊन नवा कागद घेऊन आला आणि ज्योतीच्या हातात दिला. ज्योतीने वाचलं, "हार्डवर्किंग शुगरकेन कटर."

"तुज्या बापाम्होरं हाय त्योच शब्द न्हवं?" रंगुबाईने विचारलं.

"त्योच," ज्योती म्हणाली.

"मंग धाड मिरजगावला."