तायामावशीचं व्याकरण

आमच्या वोरोनेझच्या वसतिगृहात परदेशी मुलं राहायची. वर्षभर रशियन शिकायची आणि मग कुणी डॉक्टर, कुणी इंजिनियर व्हायला दुसऱ्या शहरात जायची. चादरी-उशांची खोली माझ्याकडे होती. दारातल्या टेबलामागे, किल्ल्यांच्या फळीखाली, ताइसिया प्रोखोरोव्ना बसायची. वय एकसष्ट, शिक्षण चौथी. मुलं तिला तायामावशी म्हणत.

नुसतं 'किल्ली' म्हटलं तर ती किल्ली देत नसे. पूर्ण वाक्य लागे, तेही विभक्तीसकट.

"सहाच तर विभक्त्या," ती मला म्हणायची, "एका हाताच्या बोटांपेक्षा एक जास्त. त्यात काय अवघड?"

अंगोलाची डोमिंगास एकदा तिला म्हणाली, "मावशी, मी उन्हाळ्यात घरी जाणार." आमच्याकडे पायी जायचं क्रियापद वेगळं, वाहनानं जायचं वेगळं. पोरीनं नेमकं पायी जायचं वापरलं.

"चालत? अंगोलाला?" तायामावशीनं चष्म्यावरून तिच्या पायांकडे पाहिलं. "मग आत्ताच नीघ बाई. आणि बूट बदल, हे शहराच्या वेशीपर्यंतसुद्धा टिकायचे नाहीत."

टोपीशिवाय ती कुणाला बाहेर सोडत नसे. चहाला पहिल्यांदा 'नको' म्हटलेलं मोजायचं नसतं, हेही मुलांना तिनंच शिकवलं. डोमिंगास तिची लाडकी. मावशीची पाळी असली की संध्याकाळी टेबलाशी बसून मुरांबा खात तिचं बोलणं टिपून घ्यायची.

जानेवारीत तोंडी परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी व्याकरणाच्या बाई, एल्ला विकेन्त्येव्ना, स्वतः खाली आल्या.

"ताइसिया प्रोखोरोव्ना, 'ठेवणे'ला तुम्ही 'लोझित्' म्हणता का?"

"मग काय म्हणू?"

"'क्लास्त्'. 'लोझित्' हा शब्द शुद्ध भाषेत नाही. आणि 'त्यांचा' हा शब्दही तुमचा चुकतो. डोमिंगासनं दोन्ही ठणकावून वापरले. मी चूक दाखवली, तर म्हणते, तुम्हीच चुकताय, तायामावशीला विचारा."

"आमच्या गावात सगळे असंच बोलतात."

"गावात बोलू दे हो. पण त्या पोरीला पाचपैकी तीनच गुण मिळाले ना."

पुढच्या पाळीला तायामावशीनं मागेल त्याला मुकाट्यानं किल्ली दिली. मुलं घाबरली. डोमिंगास माझ्या खोलीत येऊन विचारू लागली, "मावशी आजारी आहेत का?" मी खरं ते सांगितलं. ती खाली जाऊन मावशीशेजारी बसून राहिली. शेवटी तायामावशीच म्हणाली, "तुझे दोन गुण मी खाल्ले गं."

तिची चोवीस तासांची पाळी झाली की तीन दिवस सुट्टी असे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती इस्त्री केलेला ब्लाउज घालून एल्ला विकेन्त्येव्नांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाईंनी पाहिलं आणि हजेरीत नाव घातलं.

वर्गात धडा चालला होता: हा अंतोन आहे. ही अंतोनची आई आहे.

"आणि बाप कुठाय?" मागून आवाज आला.

"तो दुसऱ्या विभक्तीत येईल, ताइसिया प्रोखोरोव्ना."

गंमत अशी, की तिची विभक्ती बहुतेक बरोबर असायची. पण ती कोणती आणि का, हे तिला सांगता येत नसे. "कारण तसंच म्हणतात," एवढंच तिचं उत्तर. मग डोमिंगास तिला टेबलाशी बसवून तक्ते पाठ करून घेऊ लागली. चुकली की मुरांब्याची बरणी आपल्याकडे ओढायची. "आधी विभक्तीचं नाव सांगा, मग चमचा."

"आमच्याच मुरांब्यावर आम्हालाच शिकवते," असं कुरकुरत तायामावशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची.

मे महिन्यात सगळ्यांबरोबर तिनंही परीक्षा दिली. तोंडी पाच, लेखी तीन. रशियनमध्ये बोलताना जिथे 'अ' येतो तिथे लिहिताना बऱ्याचदा 'ओ' लिहावा लागतो, आणि ती बोलायची तसंच लिहायची. "तीन म्हणजे पास," ती म्हणाली. दोन दिवस ती कागद हातात घेऊनच हिंडत होती. डोमिंगासला दोन्हींत पाच मिळाले. तो कागद मात्र तायामावशीनं सबंध वसतिगृहाला दाखवला.

डोमिंगास डॉक्टरकी शिकायला लेनिनग्राडला निघाली. आमच्या रीतीप्रमाणे निघण्याआधी आम्ही तिघी मिनिटभर सामानावर गप्प बसलो. मग तायामावशी तिची टोपी नीट करत म्हणाली, "गाडीनं जातेयस. क्रियापद लक्षात ठेव." ऑगस्ट होता, टोपी लोकरीची होती, पण डोमिंगासनं ती काढली नाही.

महिन्याभरात चार पानी पत्र आलं. तायामावशीनं ते दोनदा वाचलं, डोळे पुसले, लाल पेन मागून घेतलं आणि चुका दुरुस्त करून उत्तरासोबत परत पाठवलं. पाचातल्या तीन दुरुस्त्या चुकीच्या होत्या. मी तिला तसं सांगितलं नाही. डोमिंगासनंही सांगितलं नाही. पुढच्या पत्रात तिनं एवढंच विचारलं होतं, मुरांबा कधी पाठवताय.